उकळलेली डबी

नेत्ररुग्णालयाच्या तळघरात बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईला सगळे घारताई म्हणत. नजरेतून काही सुटायचं नाही, म्हणून. त्या दिवशी मात्र काचपट्टीवर तिला काही म्हणता काही दिसेना.

नमुना होता चपलांच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीच्या बुबुळाचा, वरवर खरवडून काढलेला. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारी पोर, सहा आठवडे डोळा लालभडक. तीन तऱ्हेचे थेंब घालून झाले, फरक शून्य.

“व्हायरसच आहे हो,” तरुण डॉक्टर म्हणाला. “उद्यापासून स्टेरॉइड.”

“आणि पाण्यातला अमीबा निघाला तर? स्टेरॉइडनं त्याचं फावेल, डोळा हातचा जाईल. आधी तिची लेन्सची डबी मागवा.”

डॉक्टर कुरकुरत थांबला. डबी आली. तिच्यातला ओलावा घारताईनं जंतू वाढवायच्या बशीत घातला आणि चार दिवस वाट पाहिली. बशीत काही नाही. वापरातली डबी अशी धुतल्या तांदळासारखी?

ती तरातरा वर गेली. व्हरांड्यात मुलगी तोंडावर टॉवेल धरून झुलत होती. उजेड सोसत नव्हता. शेजारी आई.

“डबी कुणी धुतली?”

“मीच,” आई म्हणाली. “आत नुसता बुळबुळीत थर! अशी घाण डॉक्टरांपुढे न्यायची कशी? चांगली दहा मिनिटं उकळली.”

“अहो बाई, ती घाणच हवी होती आम्हाला!” घारताईनं कपाळावर हात मारला. मग मुलीकडे वळली. “लेन्स कशात ठेवायचीस गं?”

“सोल्यूशन संपलं की नळाच्या पाण्यात.”

सहा आठवडे हे कुणी विचारलंच नव्हतं. केसपेपरवर नुसतं ‘लेन्स वापरते’.

“पुन्हा खरवडा, जरा खोल,” तिनं डॉक्टरला गाठून सांगितलं.

“किंचाळते हो ती.”

“किंचाळू दे. आंधळी झाली की गप्प बसेलच.”

तासाभरात काचपट्टीवर दुहेरी भिंतीचे गोल दिसले. अमीबाच. पार खोलवर पोचलेला.

औषध बदललं. डोळा काढावा लागणार नाही, डॉक्टर म्हणाला. दिसेल का, ते आत्ताच सांगता येत नव्हतं.

आईनं घारताईला जिन्यात अडवलं. “ताई, मी उकळली म्हणून झालं का हे?”

घारताईला खोटं जमायचं नाही. “त्यात चार दिवस गेले, आई. सहा आठवडे मात्र आम्ही घालवले.”

आईनं मान हलवली. पण तिनं ऐकले ते चारच दिवस.