दिघीचा बेत

मंगल गेल्याचा फोन तिच्या भावाने केला. मी गिरगावात, घरी, भेंडी चिरत बसले होते. दादूस, म्हणजे तिचा थोरला भाऊ, वरळी कोळीवाड्यातला मच्छीमार. एरवी फोनवरसुद्धा पलीकडच्या होडीला हाक मारल्यासारखा बोलतो. त्या सकाळी त्याचा आवाज मला ओळखूच आला नाही. "मंगल गेली गो ताई..." एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली भेंडी चिरून संपवली. आता महिना उलटून गेला. त्या भेंडीचं पुढे काय केलं ते काही केल्या आठवत नाही.

परळच्या एका ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. मी मुखदुर्बळ, तिचं तोंड पाण्याच्या पंपासारखं. माझ्या डब्यातली शेपू बघून "गवत खाऊन गाय दूध तरी देते, तू काय देतेस गं?" असं सगळ्यांदेखत विचारायची आणि डब्यातला बोंबलाचा तुकडा माझ्या पोळीवर ठेवायची. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस जेवताना म्हणाली, "आपण शिडाची बोट शिकू या." मला हसू आवरेना. कोळ्याची पोर, हिला कसली शिकवणी? तर म्हणाली, "अगं, आमच्यात होडीवर बाई चढत नाही. माझ्या आईने जन्मभर दादरला मासळी विकली, पण दर्या पाहिला तो काठावरूनच. मीही तशीच मरू की काय?" लग्न तिने केलं नव्हतं, नायगावच्या चाळीत एकटी राहायची, विचारायला कुणी नव्हतं. माझी मुलं परदेशी. गेलो दोघी. पहिले सहा रविवार मी बोटीच्या कडेवरून ओकत होते आणि मंगल सुकाणू धरून मला शिव्या घालत होती. दोन वर्षांत मात्र आम्ही मांडव्याला जाऊन परत यायला लागलो. दादूस सुरुवातीला तिच्याशी बोलेनासाच झाला होता.

मग दिघीचा बेत निघाला. मांडवा ओलांडून रेवदंडा, मुरूड आणि पुढे दिघीची खाडी, चार-पाच दिवसांची आमची पहिली मोठी सफर. मला वाटायचं, रजा काढायची, पिशव्या भरायच्या आणि निघायचं. मंगल म्हणायची, तुझी रजा वाऱ्याला कोण कळवणार? तिचं सगळं गणित उलटीकडून सुरू व्हायचं. आपल्या किनाऱ्यावर थंडीत दुपारी वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, येताना थोबाडावर. म्हणून परतीचे दिवस आधी बघायचे. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, तेवढ्यात किनाऱ्याकाठाने पल्ला मारायचा आणि दुपारच्या आत कुठल्या तरी बंदरात शिरायचं. शिवाय पुनव-अवसेचं उधाण टाळायचं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी, तेच दिवस धरायचे. एवढं सगळं जुळून आलं की निघायचं. ते जुळायच्या आधी तिचा आजार निघाला.

बेत मोडला असं मी धरून चालले. तिने फक्त गणितात एक भर घातली. परळच्या हॉस्पिटलात दर तीन आठवड्यांनी तिला औषध चढवायचे. पहिला आठवडा ती माणसात नसे, दुसऱ्यात पेज पोटात ठरे, तिसऱ्यात तोंडाला चव येऊन पुन्हा शेपूवरून बोलायची. तो तिसरा आठवडा, भांगाची भरती आणि शांत वारा, तिन्ही एकत्र यायला हवं होतं. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. एकदा वारा होता तर तिच्यात उभं राहायची ताकद नव्हती, एकदा ती टुणटुणीत होती तर समुद्र खवळलेला. माघात सगळं जुळलं. आमच्या शिकवणाऱ्या सरांनी त्यांची मोठी बोट द्यायचं कबूल केलं, स्वतः सोबत यायचंही. मी तिळाचे लाडू करून ठेवले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिच्या खोलीत आम्ही दोघी हवामान बघत होतो. दोन दिवस उत्तम, मग उत्तरेचा वारा जोर धरणार आणि आठवडाभर टिकणार. म्हणजे दिघीला पोचू सुखाने, पण अडकून पडू. मी म्हटलं, पडू या की! बोट तिथेच ठेवू, एसटीने परत येऊ. तेवढ्यात दादूस आला, हातात पापलेटची पिशवी. दारातच उभा राहून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मंगल, शीड नको नि काय नको. माझे बोटीवर चल. मशीन हाय. उद्या नेतंय नि परवा आनतंय." ज्याच्या बोटीला बायकोचाही पाय लागला नव्हता, तो हे म्हणत होता. माझे डोळे भरून आले.

मंगल पांढरी पडली. "माझी शेवटची इच्छा पुरवतोस काय रे दादूस?" त्याने पिशवी दाराशी ठेवली. "मेल्यावर नेशीलच की बोटीवरून, तेव्हा मी नाय बोलनार नाय." मग माझ्याकडे वळली. "आणि तू, एसटीने परत आणणार मला? त्या धक्क्यांनी आडवी झाले तर पुढचं औषध चुकेल माझं. तुम्हा दोघांना मला दर्या दाखवायची घाई झालीय. मला जगायचंय गं. ही माझी पहिली सफर आहे, शेवटची नाही." तिने स्वतः सरांना फोन लावून बेत रद्द केला, आणि पापलेट तळायला घेतलं. आम्ही तिघं तिथेच जेवलो. मासा मी त्या दिवशी पहिल्यांदा अख्खा खाल्ला.

त्यानंतर तिचा तिसरा आठवडा पुन्हा कधी आलाच नाही. वैशाखात ती गेली. लोक मला समजावतात, तेव्हा नेलं असतं तर निदान... तिने औषध निवडलं होतं, दर्या नव्हे, आणि औषधाने दगा दिला. मी कुणावर चिडू तेच कळत नाही, म्हणून बहुतेक तिच्यावरच चिडते.

दिवसकार्य आटोपल्यावर दादूसने मला नायगावला बोलावलं. चाळ पाडायची आहे, खोली मोकळी करायची होती. भांडी त्याच्या सुनेने नेली, पलंग शेजाऱ्यांनी. दाराआड खुंटीवर एक केशरी जाकीट होतं, वारा-पाणी अडवणारं, समुद्रावर घालतात तसलं, कोरं करकरीत. गळ्याशी दुकानाचं लेबल तसंच लटकत होतं. मी माप बघितलं. शेवटी शेवटी तिच्या ब्लाऊजला आम्ही दोन्हीकडून पिना लावत होतो. हे माप आजाराच्या आधीच्या मंगलचं होतं.

"होलीला घेतलं तिनं," दादूस म्हणाला. "मी बोल्लो, एवरा मोठा कशाला? बोल्ली, दिवालीपर्यंत भरेन मी."

खोली आता रिकामी आहे. जाकीट अजून खुंटीवर आहे. दादूस म्हणतो, ताई, तू काढ. मी म्हणते, तुम्ही काढा.