यादी चुकली होती

त्या नोकरीचं काम घरून करायचं होतं, म्हणूनच मला ती हवी होती. आई गेल्यावर नवीन जालन्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बाबा आणि मीच उरलो होतो. पुण्याची एक नोकरी हातात होती, पण ती घेतली तर ते एकटे पडणार.

मुलाखत लॅपटॉपवर झाली. समोरचे सर वयानं बाबांच्याच आसपासचे, बोलायला गोड. त्यांनी पडद्यावर आकड्यांची एक यादी दिली आणि म्हणाले, "ही लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेली आहे. यातून हवा तो आकडा झटपट शोधणारा प्रोग्रॅम लिही." मी पाहिलं, तर मधेच एक आकडा भलत्याच जागी बसलेला. यादी लावलेली नव्हतीच.

आता आमच्याकडची रीत अशी, की मोठं माणूस चुकलं तर तोंडावर टोकायचं नाही, मागून निस्तरायचं. चुलत बहिणीच्या सोयरिकीच्या बैठकीत मामांनी मुलीची डिग्रीच चुकीची सांगितली, तरी सगळे हो हो करत बसले. नंतर बाबांनी पाहुण्यांना चपला घालताना गाठलं आणि खरं सांगितलं. मीही तेच केलं. आधी यादी नीट लावून घेणाऱ्या दोन ओळी गुपचूप लिहिल्या, मग पुढचा प्रोग्रॅम. "काही विचारायचंय?" सरांनी दोनदा विचारलं. "नाही सर," मी म्हणाले, आणि त्यांची लाज राखली म्हणून मनातल्या मनात खूशही झाले. काय ही अक्कल!

नकार कळवायला कंपनीतल्या एका बाईंचा फोन आला. प्रोग्रॅम उत्तम होता म्हणाल्या. पण यादी मुद्दामच चुकीची दिली होती. मी विचारते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. घरून काम करणारं माणूस गप्प राहिलं तर चालत नाही, असंही म्हणाल्या. असल्या परीक्षेचा मला अजून राग येतो. पण रागापेक्षा हळहळच जास्त वाटते.

बाबांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, मंग सांगायचं न्हाई का? माझ्या चुका तर चहा पिता पिता काढती तू!"

शेवटी पुण्याची नोकरी घेतली. निघाले तेव्हा बाबा स्टेशनवर सोडायला आले. गाडी लागली होती.

"मी राहीन बराबर," ते म्हणाले. "लागती सवय माणसाला."

"बाबा, हे तुम्ही चुकीचं सांगताय," मी तोंडावर म्हणाले.

माझी बॅग उचलून त्यांनी आत ठेवली.