चंद्रीचा नवा खुराक

आमच्या गल्लीने एका रविवारी माझ्या सांगण्यावरून घरं सोडली होती. शिरगावात तेव्हा इमारती नुकत्याच उगवत होत्या आणि आमचा गोठा अजून शाबूत होता. मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सुरक्षेचं काम बघायचो, त्यामुळे गल्लीत माझ्या शब्दाला वजन होतं. (त्या रविवारपर्यंत!)

झालं असं, की आमची म्हैस चंद्री व्याली, पण दूध काही वाढेना. गुरांच्या डॉक्टरांनी अमिनो अ‍ॅसिडचे पांढरे दाणे दिले. नुसते खुराकात मिसळा म्हणाले. पण चंद्रीचे दात झिजलेले, तिला ते पचायचे कसे? मी बायकोला, सुनीताला, ते मिक्सरमधून बारीक काढायला सांगितलं आणि जेवून आडवा झालो.

जाग आली ती वासाने. सडकी अंडी आणि कुजका कोबी एकत्र उकळावा तसा! आमच्या भागात असा वास आला की कुणाला अंडी आठवत नाहीत, कंपन्या आठवतात. तोंडाला ओला टॉवेल बांधून मी "गॅस! बाहेर पडा!" असं ओरडत दारोदार धावलो. सुनीता स्वयंपाकघरातून काहीतरी सांगू बघत होती, तिलाही दटावलं. बघता बघता गल्ली मोकळी झाली.

बाबा मात्र गोठ्यात चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून उभे.

"तू जा. मी म्हशीला सोरून नाय येनार."

मी दावं सोडलं, मागून ढकललं, शेपूट पिळलं. चंद्री खाली बसली आणि रवंथ करू लागली. वास वाढतच होता. पळावं तर बाप मागे राहतो, थांबावं तर दोघेही जातो! खरं सांगतो, मी रडत बाबांचे पाय धरले.

तेवढ्यात वास एकदम जवळ आला. त्याच्यासोबत सुनीता आली, हातात वाडगा घेऊन.

"हे घ्या, झालं बारीक. मघापासून सांगतेय, या पावडरीचाच वास आहे. ऐकायला थांबलात कुठे?"

हे ऐकून डॉक्टरांनी तर कपाळाला हात लावला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात अमिनो अ‍ॅसिड फुकट जाऊ नये, म्हणून दाण्यांवर मुद्दाम लेप दिलेला असतो म्हणे. मी नेमका तोच दळून काढला होता आणि त्याखाली दबलेला वास मोकळा केला होता.

आता गल्लीत कसलाही वास आला तरी मला कुणी विचारत नाही. लोक आमच्या गोठ्यात डोकावतात, चंद्री रवंथ करतेय ना एवढं बघतात, आणि निवांत घरी जातात.