सुपातलं शिसं

कासाबाई पिते, हे येलदरीत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या हातून कप सुटला की स्टँडवरचा चहावाला डोळा मारून म्हणायचा, "मावशीचा गिअर पडंना आज." शेजारची सरजाबाई तेच जरा देवळातल्या आवाजात सांगायची. आधी पदर कानामागं, मग उसासा, मग, "आपल्याला काय करायचंय बाई, पन सकाळधरनं हात लटलट करायलेत तिचे." ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून सुरू केलेलं वाक्य सरजाबाई कधी लवकर संपवत नाही. मला तिची नक्कल झोपेतसुद्धा येते.

तर खरं हे, की कासाबाईनं आयुष्यात थेंब घेतलेला नाही. तिचा नवरा रामप्रसाद सणावाराला थोडी घेतो, तर त्या रात्री त्याची वाकळ अंगणात पडते. कासाबाईचे हात गेले ते शिशानं.

आमची गल्ली मासेवाल्यांची. जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या काठाला शिशाचे मणी लावतात. मणी ओतायचे, दोरीत ओवायचे आणि दातांनी चावून आवळायचे, हे काम कासाबाईच्या सासरी पहिल्यापासून बायकांकडं. शिसं मऊ असतं, दाताखाली जरा गोड लागतं, असं ती सांगते. आजपर्यंत कुणाला काही झालं नाही, असं सगळे म्हणतात. म्हणजे झालं असेल त्याला कुणी शिसं म्हटलं नाही. पोटशूळ म्हटलं, बाहेरचं म्हटलं, आणि कासाबाईच्या सासूच्या वेळी तर ‘नाटकं’ म्हटलं.

पण मणी म्हणजे हंगामाला चार मुठी. पोती आली ती माणिकरावांमुळं.

माणिकरावांचं जिंतूरला स्पीकरचे डबे बनवायचं दुकान आहे. समोर कुणी असो, ते माइकवर असल्यासारखेच बोलतात. हनुवटी वर, मध्येच खाकरणं, आणि प्रत्येक वाक्याला शेपूट. "डबा हालला का आवाज फाटतो, समजलं का न्हाई. म्हनून डब्याला दुहेरी भिंत, अन् भिंतीत शिशाचे छर्रे, ठासून. मग कितीबी वाजवा, डबा गप बसतो, समजलं का न्हाई." टायरच्या दुकानातली जुनी वजनं, केबलवरचं शिसं, असं काय काय ते पोत्यानं आणून टाकायचे. त्याचे छर्रे करून द्यायचे कासाबाईनं.

चुलीवर लोखंडी कढई. शिसं वितळलं की पळीनं भोकं पाडलेल्या डब्यात ओतायचं, खाली पाण्याची बादली. थेंब चर्र करून पाण्यात गोठायचे, पण त्यांना शेपट्या राहायच्या. मग ते पोत्यात घालून घोळवायचे, म्हणजे एकमेकांवर घासून गोल होतात. घासले की करडी भुकटी सुटते. ती भुकटी स्पीकरच्या डब्याच्या फटीतून गळते, ती आपल्याला चालणार नाही, असं माणिकरावांनी बजावलेलं. मग आमच्याकडची कुठलीही बाई जे करेल तेच कासाबाईनं केलं. सूप घेतलं आणि शिसं पाखडलं. उंबऱ्यात बसून, तोंडासमोर, वर फुंकर मारत. आणि संध्याकाळी त्याच सुपात ज्वारी.

तिला त्याचा तोरा होता. "माझा माल पाखडल्याला असतोय," ती म्हणायची. "खडा न्हाई, भुस्सा न्हाई." माणिकराव पण गिऱ्हाईकाला तेच सांगायचे, फक्त मावशीचं नाव गाळून.

आधी तिचं पोट दुखायला लागलं. मग झोप गेली. हिरड्यांवर निळसर रेघ उमटली, ती तिनं मिसरीच्या नावावर घातली. मग एक दिवस उजवं मनगट लोंबायला लागलं. बोटं मिटायची, पण पंजा वर उचलायचा नाही. कप पडला. आणि गल्लीनं ठरवलं की कासाबाई पिते.

मग रामप्रसाद तिला परभणीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांचं मला कासाबाईनंच करून दाखवलं. नक्कल तिलाही येते, फक्त ती हसत नाही. डॉक्टर तरुण, मान खाली, प्रत्येक वाक्याआधी ‘ओके’.

"ओके मावशी, रंगाचं काम करता का?"

"न्हाई."

"ओके, मग बॅटऱ्यांचं?"

"मासे धरतो आमी."

"ओके."

तेव्हा रामप्रसाद, जो घरातही महिन्याकाठी एखादं वाक्य बोलतो, तो म्हणाला, "शिसं पाखडती ती."

डॉक्टरांचा ओके तिथंच बंद पडला.

रक्त तपासायला बाहेर गेलं, आणि त्यात शिसं निघालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डब्यात बंद झालेलं शिसं कुणाचं काही बिघडवत नाही. बिघडतं ते वितळवताना, घासताना, पाखडताना. धूर आणि भुकटी. म्हणजे डब्यासमोर नाचणारे सुखरूप, वाजवणारे सुखरूप, माणिकराव तर सुखरूपच. हात थोडा परत येईल, म्हणाले, सगळा येईल असं सांगता येत नाही. काम आजपासून बंद.

घरी आल्यावर रामप्रसादनं माणिकरावांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी तिथंच होते. त्या दिवशी माणिकराव खाकरले नाहीत. आवाज खाली आला. "मावशी, मला खरंच ठाव नव्हतं हो. सोमवारी येतो मी तुमच्या घरी. वाळू भरून बघू डब्यात, न्हाईतर बंदच करू हे शिसं." आणि वाक्याला शेपूट नव्हतं. माणिकरावांच्या तोंडून बिनशेपटाचं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"येतील मावशी ते," मी म्हणाले. "आवाजावरनं कळतं. खरा होता."

"आवाज खराच हाय," कासाबाई म्हणाली. "त्यानं काय हुतंय. गल्लीत येईल त्यो. माझ्या दारात न्हाई."

"लावा शर्त."

"लाव. हारलीस तर माझी नक्कल करायची. सरजीच्या दारात, ती बसल्याली असताना. हातासकट."

गल्लीत मी सगळ्यांची नक्कल करते. तिचीच करत नव्हते, आणि ते तिनं हेरलं होतं.

"आणि तुमी हारलात तर?"

"मी हारत न्हाई. बोल, लावतीस का?"

लावली.

सोमवारी मी कासाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. टेम्पो आला. हॉर्न वाजवत आला आणि आमच्या अलीकडंच, सरजाबाईच्या दारात थांबला. ड्रायव्हरनं पोतं उतरवलं. शिशाचं पोतं जमिनीवर टाकलं की वाजत नाही, नुसतं बसतं. माणिकराव पुढच्या सीटवर मोबाइलात बघत होते, आमच्याकडं त्यांची मान वळली नाही. निघताना तेवढं काचेतून डोकं काढून म्हणाले, "सरजाबाई, तोंडाला फडकं बांधत जा, समजलं का न्हाई."

शेपूट परत आलं होतं. आणि फडकं कशासाठी बांधायचं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"तुमाला आधीच ठाव होतं," मी म्हणाले.

"तिचं सूप बघ की. दिवाळीपसून करडं हाय."

"मग सांगितलं का नाही तिला?"

"सांगितलं. म्हनली, तुझं काम चाललं म्हनून जळायलीस. अन् म्हनली, सकाळीच पिऊन आलीस का."

मग शर्त फेडायला मी सरजाबाईच्या दारात गेले. ती मांडीवर सूप घेऊन बसली होती. मी कासाबाईसारखी उकिडवी बसले, उजवं मनगट सोडलं आणि तिच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सरजे, च्या हाय का घोटभर?"

सरजाबाई खदखदून हसली. पलीकडच्या दोघी-तिघी पण आल्या. तिनं हौसेनं कपभर पाणी आणून पुढं ठेवलं. मी कप धरायला गेले, पंजा लोंबला. पुन्हा गेले, पुन्हा लोंबला. शेवटी दोन्ही मनगटांत कप दाबून तोंडाला नेला, तर निम्मं पाणी हनुवटीवरून गळ्यात. बायका पोट धरून हसत होत्या. "हुबेहूब गं," सरजाबाई म्हणाली. "दारुड्यागत."

तेवढ्यात कासाबाई आली आणि काही न बोलता माझ्याशेजारी उकिडवी बसली. तोच हात, तसाच लोंबता. एक खोटा, एक खरा. हसणं एकेकीचं बंद होत गेलं, सरजाबाईचं सगळ्यात शेवटी.

"माझं पोटापसून सुरू झालं," कासाबाई तिला म्हणाली. "बेंबीभवती पीळ. तुला कळ यायलीय का गं?"

सरजाबाई ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणाली नाही. तिचा हात पोटावर गेला आणि लगेच तिथनं निघाला. तिनं मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं. भिंतीला टेकवून, हात लांबवला की परत घेता येईल असं.

आम्ही उठलो. ओट्यावर आल्यावर कासाबाईनं माझ्या मनगटाकडं बघितलं.

"फिटली शर्त," ती म्हणाली. "पन जरा ताठ धरलं होतंस."