साडेचारचा झेंडा

त्याला सगळे साडेचार म्हणायचे. खरं नाव नोंदणीच्या कागदावर होतं, पण ते वाचतंय कोण? सलग अकरा वर्षं शहराच्या मॅरेथॉनमध्ये तो पाठीला झेंडा बांधून पळत आला होता आणि त्या झेंड्यावर मोठ्या आकड्यात लिहिलेलं असायचं, ४:३०. म्हणजे काय, तर ज्यांना बेचाळीस किलोमीटर साडेचार तासांत संपवायचे आहेत त्यांनी डोळे मिटून ह्या माणसाच्या मागे लागावं. हा ना पुढे पळणार, ना मागे पडणार. अशा माणसाला पेसर म्हणतात. पेसरला स्वतःची शर्यत नसते. तो दुसऱ्यांचं घड्याळ असतो, तेही पाय फुटलेलं.

आणि हे काम त्याला शोभायचं, ह्यात शंका नाही. बस डेपोत तेहतीस वर्षं गाड्यांच्या वेळा बघण्यात गेली. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, किती मिनिटं उशीर, कुणामुळे. ड्रायव्हर लोक त्याच्यासमोर खोटं बोलायचे नाहीत. तो चांगला होता म्हणून नव्हे. बोलून उपयोग नव्हता म्हणून. सहाची गाडी म्हणजे सहाची. धावत येणाऱ्या म्हाताऱ्यासाठी ड्रायव्हरने गाडी जराशी रेंगाळवली, की ह्याची शिट्टी वाजलीच.

घरीही तेच. सकाळी सहाला चहा, एकला जेवण, रात्री आठला जेवण. मुलगी लहान असताना तो तिला शाळेत सोडायला जायचा, पण बरोबर नाही, दहा पावलं पुढे. मागून ती दप्तर सांभाळत पळायची आणि दोघांच्या मध्ये बायको. पुढच्याला म्हणायची, अहो जरा दमानं. मागचीला म्हणायची, चल गं राणी, पटपट. बायको होती तोवर सगळं एका दोरीत होतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि बापलेकीत बोलायला काही उरलं नाही. भांडण होतं म्हणावं तर तेही नाही. निदान भांडणात माणूस बोलतो तरी.

गेल्या वर्षीची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला, सहा तासांच्या अंतरावर. एका रविवारी ती आली. बस रखडली आणि घरी पोचायला तिला एक वाजून वीस मिनिटं झाली. तोवर ह्याचं जेवण झालं होतं. स्वतःचं ताट घासून, पुसून, मांडणीवर. तिचं ताट टेबलावर झाकून ठेवलेलं, पाण्याचा ग्लास भरलेला, त्यात कुठे उणं नाही. ती आधी हसली. म्हणाली, "बाबा, वीस मिनिटं." तो म्हणाला, "एक वाजला होता." मग ती जेवायला बसली आणि दुसऱ्याच घासाला तिला रडू आलं. तो खिडकीशी उभा राहिला. काय करावं हे त्याला खरोखरच कळलं नाही. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. जाताना दारात म्हणाली, "कधीतरी कुणासाठी थांबत जा ना." त्यानंतर महिन्यातून एकदा मेसेज यायचा, जेवलात का. हा उत्तर द्यायचा, हो. बास, एवढंच.

त्यामुळे वर्षातला तो एक रविवार त्याला फार मोलाचा होता. त्या दिवशी साडेचार तास माणसं त्याच्या मागे असायची. कुणी ओळखीचं नसायचं, पण असायची. झेंडा उतरवून दिला की घरी येऊन तो एकटाच बादलीत पाय घालून बसायचा.

आता त्या धंद्यातली एक गंमत नीट ऐका. शर्यत सुरू होते तेव्हा सगळे एकदम सुटत नाहीत. एवढा लोंढा मावणार कुठे? म्हणून गट करतात. जुने, कसलेले पुढे; नवे, कुठलीच वेळ नावावर नसलेले, सगळ्यात शेवटच्या गटात. शेवटच्या गटाची पाळी येईपर्यंत पुढचे तीन किलोमीटर लांब गेलेले असतात. पण त्यात अन्याय नाही. छातीवर जो नंबराचा कागद असतो, त्याला बिब म्हणतात, त्याच्या मागे चिप असते. ज्याने त्याने सुरुवातीची रेषा ओलांडली की त्याचं त्याचं घड्याळ चालू. कुठला माणूस कुठल्या गटातला, हे बिबवरच्या पट्टीच्या रंगावरून कळतं. शेवटच्या गटाची पट्टी गुलाबी.

दरवर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी नव्या पेसरांची शाळा हाच घ्यायचा. आणि दरवर्षी एक वाक्य ठासून सांगायचा, "मधेच कुणी मागून येऊन मिळालं, तर आधी त्याच्या बिबचा रंग बघा. मागच्या गटातला असेल तर तो तुमच्यापेक्षा जोरात पळत आलाय. त्याच्या हातात वेळ आहे. त्याला सांगा, बाबा रे, दमानं घे." ह्या वर्षीही सांगितलं. पोरांनी वहीत लिहून घेतलं.

शर्यत पहाटे साडेपाचला सुटली. त्याच्या झेंड्याखाली जवळजवळ चाळीस माणसं होती. पहिले दहा किलोमीटर नुसती जत्रा. कुणी थट्टा करतंय, कुणी फोटो काढतंय, एक दातांचा डॉक्टर होता, तो सारखा विचारायचा, "साडेचारसाहेब, आपण बरोबर चाललोय ना?" "बरोबर चाललोय," हा म्हणायचा. किलोमीटरला सहा मिनिटं चोवीस सेकंद. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. अर्धी शर्यत झाली तेव्हा पंचवीस राहिले. मग उड्डाणपुलाचा चढ आला आणि तिथे बोलणी बंद पडली. तीस किलोमीटरच्या पाटीपाशी त्याने न वळता मागच्या पावलांचे आवाज मोजले. आठ.

तेवढ्यात उजव्या हाताला नववी पावलं आली.

"बाबा."

त्याने मान वळवली तर मुलगी. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद, ओठ कोरडे पडलेले. क्षणभर त्याचं पाऊल चुकलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"तू? पळायला कधीपासून लागलीस?"

"झालं वर्ष."

"सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. आज."

आता खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. आनंदच तो. पण ज्या माणसाने जन्मभर आनंद वेळापत्रकात बसवला, त्याला तो असा रस्त्यात भेटला तर ओळखता येतो का? त्याच्या तोंडून काय निघावं? "खांदे वर गेलेत. खाली घे. पावलं लहान टाक."

तिने खांदे खाली घेतले. दोघं शेजारी शेजारी पळत राहिली. मधे दहा पावलांचं अंतर नाही, कुणी मध्यस्थ नाही. पाण्याच्या टेबलाशी त्याने एक ग्लास उचलून तिला दिला. तिने अर्धा प्यायला, अर्धा डोक्यावर ओतला. आई करायची तसं तिने डोळे घट्ट मिटले, आणि ते त्याने पाहिलं.

बत्तिसाव्या किलोमीटरला ती म्हणाली, "बोलू का थोडं?"

"बोलण्यात दम जातो. शेवटच्या रेषेवर बोलू."

चौतिसाव्याला म्हणाली, "जरा हळू चला ना. पाचच मिनिटं."

त्याने घड्याळ बघितलं. ते बघायचं कारण नव्हतं, वेळ त्याच्या पायांत होती. पण बघितलं. मागे लोक होते आणि पाठीवर झेंडा. "माझ्यामागे माणसं आहेत गं," तो म्हणाला. "मला नाही हळू होता येत."

"माहितेय," ती म्हणाली.

पस्तिसाव्या पाटीनंतर तिच्या पावलांचा आवाज मागे गेला. त्याने एकदा वळून बघितलं, दोनदा बघितलं. ती हात हलवून जा जा म्हणत होती. तिसऱ्यांदा त्याने बघितलं नाही. मनात म्हणाला, नवखी आहे, सुरुवातीला उधळली असणार, सगळे नवखे उधळतात. रेषेवर भेटेलच की. आणि पुढे निघाला. सहा चोवीस. सहा चोवीस.

ज्या माणसांसाठी तो थांबला नाही, त्यांचीही कथा ऐका. दोघांच्या पोटऱ्यांत गोळे आले, ते कडेला बसले. तिघं चालायला लागले. दोघं कधी गळाले ते त्यालाही कळलं नाही. राहता राहिला तो दातांचा डॉक्टर. शेवटच्या किलोमीटरला त्याला रेषा दिसली आणि गडी सुसाट सुटला. साडेचारसाहेबांना साधं 'येतो' म्हणायचं भान त्याला राहिलं नाही. चार तास एकोणतीस मिनिटं एक्कावन्न सेकंदांनी झेंडा रेषेवर पोचला तेव्हा त्याच्याखाली एकटा तोच होता.

पेसरला आल्या आल्या झेंडा परत करायला तंबूत जावं लागतं. सही, मग तोवर आलेल्या पेसरांचा एक फोटो. पंधरा-वीस मिनिटं गेली. संयोजक म्हणाला, "साडेचार, तुमच्यावरून घड्याळ लावावं." तो हसला आणि लगबगीने रेषेशी आला. उभा राहिला. शर्यतीच्या घड्याळावर चार पन्नास झाले. पाच झाले. माणसं लंगडत येत होती, कुणी पोराचा हात धरून, कुणी रडत. प्रत्येक चेहरा त्याने नीट बघितला. पायाला कळ लागत होती, तरी बसला नाही. बसलो आणि नेमकी तेव्हाच आली तर? सहा तास पुरे झाले, मागची रुग्णवाहिका आली, स्वयंसेवक कठडे गोळा करायला लागले. एकाने विचारलं, "काका, कुणी यायचं राहिलंय का?"

"मुलगी," तो म्हणाला.

"रस्त्यावर आता कुणी नाही काका."

साडेबाराला घरी आला. मोबाइल घरीच होता; पळताना तो कधी नेत नसे. त्यावर तिचा मेसेज होता, दहा वाजून पंचवीस मिनिटांचा. पोचले. अकराच्या गाडीने परत जातेय, उद्या कामावर जायचंय. काळजी घ्या.

म्हणजे ती केव्हाच आली होती आणि हा तिची वाट बघत तास-सव्वा तास उन्हात उभा. त्याला हे जुळेना. गाडीचा उशीर जुळला नाही की तो जसा नोंदी काढून बसायचा, तसा तो मोबाइलवर शर्यतीचा निकाल उघडून बसला. तिचं नाव टाकलं.

चार तास वीस मिनिटं चाळीस सेकंद.

चूक आहे, असंच त्याला आधी वाटलं. मग त्याने प्रत्येक टप्प्याची वेळ बघितली आणि सुरुवातीची वेळ बघितली. गट, शेवटचा. त्याच्या झेंड्यानंतर अठरा मिनिटांनी तिने रेषा ओलांडली होती. गुलाबी पट्टी. पाच किलोमीटरला तिने अडीच-तीन मिनिटं भरून काढली होती, दहाला सहा, वीसला बारा. एकटीने, हजारो माणसांतून वाट काढत, कुठे दूरवर हलणारा एक झेंडा शोधत. तीस किलोमीटरला फरक शून्य. आणि तिथून पुढे तिचा वेग नेमका त्याचा वेग. पस्तीसपर्यंत. त्यानंतर मोडलेला. तरी झेंड्यामागून नवव्या मिनिटाला ती रेषेवर आली होती, हा तंबूत असताना.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते ह्यालाच. अकरा वर्षं पोरांना शिकवलं, आधी बिबचा रंग बघा. आणि स्वतःची पोर पाच किलोमीटर शेजारी पळाली, ह्याने खांदे बघितले, पावलं बघितली, घड्याळ बघितलं. तिच्या हातात वेळ होता. सगळा वेळ तिने ह्याच्यापर्यंत पोचण्यात घातला होता, आणि त्यातली पाच मिनिटं ती परत मागत होती.

त्याने फोन लावला. सहाव्या रिंगला तिने उचलला. मागे गाडीचा आवाज.

"तू शेवटच्या गटातून निघालीस."

"हो."

"अठरा मिनिटं मागून."

"तुमचा झेंडा पहिल्यांदा दिसला तो पुलावर," ती म्हणाली. "तोवर वाटत होतं, नाहीच सापडणार."

"मी तुझा बिब बघितला नाही."

"माहितेय, बाबा."

"काय बोलायचं होतं तुला?"

"काही नाही. नुसतं बरोबर पळायचं होतं थोडा वेळ. तुमच्याबरोबर चालायला मला कधी मिळालंच नाही." मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "जेवलात का?"

भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. एकला पाच मिनिटं कमी. पोटात कावळे ओरडत होते. बेचाळीस किलोमीटर पळून आलेला माणूस, सकाळपासून एक केळं आणि पाणी.

"नाही," तो म्हणाला. "तू पोचलीस की फोन कर. मग जेवतो."

"अहो बाबा, मला पाच वाजतील."

"वाजू देत."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग गाडीने हॉर्न दिला आणि फोन बंद झाला. त्याने ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि खुर्ची ओढून समोर बसला. अकराची ती गाडी त्याला चांगली माहीत होती. तेहतीस वर्षांच्या नोकरीत ती कधी सहाच्या आत पोचली नव्हती.