दातांत धरलेले खिळे

माझा मेहुणा सोफे-खुर्च्या मढवतो. डाव्या हाताने कापड ताणायचं, उजव्या हातात हातोडी आणि बारीक खिळे तोंडात. जिभेने एकेक खिळा ओठांशी आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. तरुणपणी एकदा एक खिळा पोटात गेला होता. खिळा सुखरूप बाहेर आला, भीती मात्र आतच राहिली.

परवा एक खुर्ची मढवता मढवता त्याचा जबडा अडकला. कानापाशी काहीतरी सटकलं आणि तोंड बोटभरही उघडेना. आत खिळे! तो पांढराफटक पडून नाकाने श्वास घेत उभा. शेवटी त्याच्या बायकोने हातोडीचं चुंबक ओठांशी धरून सगळे खिळे ओढून काढले. डॉक्टरांनी तपासलं. हाड शाबूत होतं, पण सांध्यातली चकती सरकली होती. त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं.

सोबत मी गेलो. माझा काय उपयोग होता कोण जाणे. मला सुई पाहूनही घाम फुटतो.

फिजिओथेरपीच्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. हातमोजे चढवत म्हणाल्या, "काका, मी आत अंगठा घालून खालच्या दाढांवर हळूहळू दाब देणार. सांधा जरा सुटा होईल."

मेहुण्याने दात आणखीच आवळले. "भावोजी," तो दातांतूनच म्हणाला, "मोडला म्हणजे?"

"छे, मोडतोय कसला."

"मग तुमचा आवाज का कापतोय?"

बाईंना हसू आलं. "हात वर केलात की मी लगेच थांबेन. पण एक सांगा, आत्ता तोंडात खिळे आहेत का?"

"नाही."

"मग दात कशासाठी धरून ठेवलेत?"

त्याच्याऐवजी मीच चाचरत म्हणालो, "झोपेतसुद्धा धरतो. त्याची बायको सांगते, रात्रभर दात खातो."

"ओठ मिटलेले, दात सुटे," बाई म्हणाल्या. "'न' म्हणताना जीभ जिथे टेकते, तिथेच ठेवा."

त्याने करून पाहिलं. गाल जरासे सैलावले. मग अंगठा आत गेला. त्याने माझा हात असा पिळला की मला वाटलं, आधी माझंच हाड मोडणार. त्याचा दुसरा हात वर गेला. बाई तिथल्या तिथे थांबल्या. दुसऱ्यांदा दाब दिला तेव्हा मात्र हात वर गेला नाही. मला वाटतं, त्या थांबतात हे पाहूनच त्याला धीर आला.

आरशात तोंड दोन बोटं उघडलं, तेही वाकडं. "घरी आरशापुढे सावकाश, सरळ उघडेल तेवढंच उघडा. जोर नको," बाई म्हणाल्या. "आणि खिळे यापुढे वाटीत. जांभई आली तर जीभ टाळूला, मूठ हनुवटीखाली."

रस्त्यावर आलो आणि मेहुणा एकदम थबकला. डोळे मोठे झाले. "आली!"

"मूठ! मूठ लाव!" मी ओरडलो. येणारे-जाणारे वळून पाहू लागले.

मुठीवर हनुवटी टेकून त्याचं तोंड हळूहळू उघडलं. मग ते मिटलं.

"पुन्हा उघडतं का बघ."

त्याने उघडून दाखवलं. तेवढ्यात मलाही जांभई आली. कशी कोण जाणे, मीही मूठ हनुवटीला लावली. तो हसला नाही. माझं तोंड नीट मिटेपर्यंत टक लावून बघत राहिला.