बत्तीसचा पाहुणा

खैरनार सर एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचत. सातपूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघायला आम्ही दोघंच. आमच्या कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीवर काही नवं टाकायचं म्हटलं, की ती आधी नवं काय येणार, जुनं काय जाणार ते दाखवते. सर मालेगावकडचे. “येणारं नको सांगू बाई, जाणारं काय शे ते सांग!” हे रोजचं.

मी पंचेचाळिशीची, नुकताच कोर्स केलेली. सर्टिफिकेट लॅमिनेट करून टेबलावर उभं केलं होतं, देवाच्या तसबिरीसारखं. उदबत्ती तेवढी लावायची राहिली होती!

जुना कॉम्प्युटर बंद पडला. नवा आला चौसष्ट बिटचा, आणि सुट्या भागांची मापं तपासणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम जुन्या, बत्तीस बिटच्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला. मालकांनी सरळ सांगितलं, “चाललं तर ठीक, नाहीतर मशीन भंगारात. मग सर, तुमचंही काम उरत नाही.” सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती.

“चौसष्टात बत्तीस मावतातच की,” मी ऐटीत म्हणाले.

“पाहुणा मावतो. पण त्याला घरचं शिजवलेलं चालत नाही, शिधा बत्तीसचाच लागतो.”

म्हणून बत्तीसची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा तयार कोड, इंटरनेटवरून मागवली. मी होकाराचा ‘वाय’ दाबणार, तोच सर ओरडले, “जाणारं?”

वाचलं, तर अख्खा डेस्कटॉपच उडणार होता! एकाच लायब्ररीच्या बत्तीस आणि चौसष्ट अशा दोन्ही जाती शेजारी नांदतात, पण आवृत्ती अगदी तीच हवी. आमची चौसष्टची पुढची निघाली.

“ही कुणी टाकली?”

“मीच,” सर म्हणाले. “नव्याची हौस, दुसरं काय!”

त्यांनी ती बत्तीसच्या आवृत्तीवर मागे आणली. मशीन चालू झालं.

मालक खूश. “छान! आता हे बाई सांभाळतील. सर, तुम्ही मोकळे.”

सरांचा चेहरा उतरला. मी सर्टिफिकेट हळूच पालथं घातलं. “छे हो साहेब, मला कुठलं कळतंय यातलं? सरांनी शिकवायला हवं.”

मालक नाखुशीनंच हो म्हणाले. पुढे ते केबिनमधून बाहेर आले, की मी मोठ्यानं विचारायचे, “सर, बत्तीस बिट म्हणजे नक्की काय हो?” सर गंभीर चेहऱ्यानं पहिल्यापासून सुरुवात करत. इतकी ढ विद्यार्थिनी साऱ्या नाशकात नसेल.

दोन वर्षांनी निरोपाचा हार घालताना मालकांनी विचारलं, “बाईंना आता येतं ना सगळं?”

“हो,” सर म्हणाले, “आज सकाळीच आलं.”